लेखकावाचून लेख

मंदिराचा जीर्णोद्धार झाला की त्याची आठवण राहावी म्हणून एखादी शिळा बसवावी, तीवर देवतेचे नाव, शक, तिथी व देणगीदारांची नामावळी कोरावी आणि साधल्यास एखादे रेखाचित्रही काढून घ्यावे, ही चाल आपल्याकडे जुनी आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी ह्या भागांत ती आजही चालू आहे. बदलला आहे तो कोरणारा हात. पूर्वी हे काम पाथरवटाच्या टाकीने होत असे. आता ते बहुतांशी संगणकाच्या आज्ञेने फिरणाऱ्या यंत्राकडे गेले आहे. ज्या बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडाचे सुटे भाग अशाच यंत्रांवर रोज कापले जातात, त्या बेळगावच्या परिसरात अक्षरेही यंत्राने कापली जावीत ह्यात नवल काहीच नाही.

ह्या नव्या अक्षरांविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक पक्ष त्यांच्या सफाईवर खूष आहे. एकसारखी उंची, एकसारखी खोली, काम दोन दिवसांत तयार. दुसऱ्या पक्षाला हाताची कला बुडाल्याचे दुःख आहे. दोन्ही पक्ष यंत्राविषयी बोलतात. अक्षराविषयी बोलणारा क्वचित भेटतो. वस्तुतः परीक्षकाने विचारावयाचा प्रश्न असा, की शिळेवर उमटलेले हे अक्षर चांगले आहे की वाईट, आणि वाईट असल्यास ते कोणामुळे? प्रस्तुत लेखकाचे उत्तर थोडक्यात असे : यंत्राने पाथरवटाची जागा घेतली ह्यात फारसे बिघडले नाही. बिघडले ते हे, की पाथरवटाच्या आधी जो एक माणूस असे, त्याची जागा रिकामी झाली आणि ती रिकामी झाल्याचे कोणाच्या ध्यानीही आले नाही.

तो माणूस म्हणजे लेखक. जुन्या ताम्रपटांच्या आणि शिलालेखांच्या शेवटी रचणारा, लिहिणारा आणि कोरणारा ह्यांची नावे पुष्कळदा निरनिराळी येतात. मजकूर रचणे हे एक काम, तो शिळेवर वा पत्र्यावर अक्षररूपाने मांडणे हे दुसरे, आणि मांडलेले खोदणे हे तिसरे. कदंबांच्या इतिहासात ह्याचे एक विलक्षण उदाहरण आहे. शिमोगा जिल्ह्यातील तालगुंदच्या पाचव्या शतकातील स्तंभलेखाचा कवी कुब्ज अभिमानाने सांगतो, की हे काव्य आपण स्वतःच शिळेवर लिहिले. कवीने ही गोष्ट मुद्दाम नमूद करावी, ह्यावरूनच शिळेवर लिहिणे हे केवढे मानाचे काम समजले जाई ते कळते. त्याच कदंबांची एक राजधानी पलाशिका, म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यातील हलशी. तेथे सापडलेले त्यांचे ताम्रपट फ्लीट साहेबांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात प्रसिद्ध केले. त्या काळच्या दक्षिणी लिपीत अक्षरांच्या माथ्यावर एक लहानशी चौकट येते. ती चौकट टाकीला आपोआप सुचलेली नाही. कोणीतरी ती आधी लिहिली आहे.

हाच नियम दूरदेशीही दिसतो. रोममधील त्राजान बादशहाचा स्तंभ इसवी सन ११३ मधील. त्याच्या पायथ्याची अक्षरे आजवर लिपिकारांना आदर्श वाटत आली आहेत. त्या अक्षरांचे टोकदार शेवट छिन्नीमुळे आले, असे पुष्कळ काळ मानले जाई. एडवर्ड कॅटिच नावाच्या अमेरिकन धर्मगुरूने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधार प्रतिपादन केले, की ती वळणे सपाट कुंचल्याची आहेत. आधी कुंचल्याने लिहिले गेले आणि मग छिन्नी त्या लेखनाच्या मागून गेली. रोम असो वा तालगुंद, शिळेवरचे सुंदर अक्षर हे प्रथम लिहिलेले असते, आणि कोरणे ही त्या लेखनाची इमानाने केलेली सेवा असते.

आपल्या शेजारचे मिरजेचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. पुण्याचा इंग्रज वकील मॅलेट ह्याच्या काळात तेथील एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर ठसे कोरण्याची विद्या आत्मसात केली. त्याच्याकडून भगवद्गीता कोरवून छापावी असे नाना फडणिसांच्या मनात होते. १८०० साली नाना वारले आणि तो कारागीर मिरजेस गेला. तेथे गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने ते काम १८०५ साली पुरे झाले. प्रियोळकरांनी आपल्या मुद्रणेतिहासात ही हकीकत नोंदली आहे. छपाईच्या पत्र्यावर अक्षरे उलटी कोरावी लागतात. म्हणजे ज्या तांबटाचा उभा जन्म भांडी ठोकण्यात गेला, त्याला गीतेतील प्रत्येक वेलांटी व प्रत्येक जोडाक्षर आरशात पाहावे तसे उलटे जाणावे लागले. साधन नवे होते, परके होते. तरी अक्षराचा भार माणसाने आपल्या शिरावर घेतला म्हणून ते काम तडीस गेले. नवे साधन आले की कला जातेच असे नाही, ह्याला मिरजेची गीता साक्ष आहे.

आता आजच्या यंत्राकडे वळू. आकड्यांच्या आज्ञेने चालणाऱ्या कर्तनयंत्राचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात झाले. तेव्हा आज्ञा कागदी फितीवरील छिद्रांतून दिल्या जात. आज त्या संगणकाच्या प्रणालीतून दिल्या जातात, परंतु तत्त्व तेच राहिले आहे. अक्षराची वा चित्राची बाह्यरेषा संगणकाला द्यावयाची. कोणते पाते, किती खोली, किती वेग हे सांगावयाचे. प्रणाली त्यावरून पात्याचा मार्ग आखते आणि यंत्र त्या मार्गाने बिनबोभाट जाते. ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडावर हिऱ्याच्या कणांचे पाते व पाण्याची धार लागते, आणि एका दमात फार खोल जाता येत नाही. यंत्राचा गुण आणि दोष एकच आहे : त्याला जे दिले तेच ते कोरते.

यंत्राला न्याय द्यावयाचा तर त्याची थोरवी आधी सांगितली पाहिजे. त्रिकोणी टोकाचे पाते घेतले, तर रेघ जेथे रुंद असेल तेथे ते खोल उतरते आणि जेथे निमुळती होईल तेथे आपोआप वर येते. ९० अंशांच्या टोकाने रेघेच्या रुंदीच्या निम्मी खोली मिळते. ६० अंशांच्या टोकाने ६ मिलिमीटर रुंदीच्या रेघेला सुमारे ५.२ मिलिमीटर. टाकीने पाडलेल्या घळीचा हाच धर्म आहे. अशा घळीची एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत राहते, म्हणून अक्षर रंगावाचूनही वाचता येते. गाभाऱ्याच्या मंद उजेडात समईच्या ज्योतीनेसुद्धा ते दिसते. यंत्राला हे सारे येते. परंतु आपण ते मागत नाही. बहुतेक ठिकाणी सपाट टोकाच्या पात्याने दगडाची जेमतेम साल काढली जाते आणि त्या उथळ खळग्यात सोनेरी रंग भरला जातो. ३ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने आतला कोपरा कधीच टोकदार होत नाही. तेथे दीड मिलिमीटरची गोलाई राहतेच. अक्षर बोथट होते आणि त्याची सारी भिस्त रंगावर राहते. पुढे अभिषेकाचे पाणी, तेल आणि ऊन ह्यांनी रंग उडाला की लेखही गेला. लेझरच्या किरणाने काळ्या ग्रॅनाइटवर काढलेली अक्षरे तर खोदलेलीच नसतात. पृष्ठभागावरचे कण फुटून पांढुरके दिसतात, इतकेच. भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून पायरीवर नाव घालण्याची भावना आपल्याला नामदेवांच्या पायरीने शिकविली. त्या पायरीवर असे लेखन घालणे म्हणजे झिजण्यासाठीच घालणे होय.

खोलीचा दोष मात्र किरकोळ म्हणावा असे दोष पुढे आहेत, आणि ते थेट लिपीचे आहेत. कोरण्याच्या कित्येक प्रणाली रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या. त्यांच्या मजकुराच्या चौकटीत देवनागरी थेट भरली, तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहतात. म्हणून जाणते कारागीर मजकूर दुसऱ्या प्रणालीत जुळवून त्याच्या रेषा करून आणतात. येथेही एक खाच असते. देवनागरीचा टंक असा रचलेला असतो, की प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेखेवर किंचित चढावी, म्हणजे छापताना सांधा दिसू नये. कागदावर हे निभावते. कोरताना ह्या एकमेकींवर चढलेल्या आकृती आधी जोडून एक केल्या नाहीत, तर सांध्याची जागा कोरावयाची की सोडावयाची ह्याचा यंत्राला उलगडा होत नाही. कोठे तो तुकडा उंचवट्यासारखा उरतो, तर कोठे पाते दोनदा जाऊन खाच पाडते. एखाद्या नव्या शिळेपाशी उभे राहून शिरोरेखेवरून बोट फिरवून पाहावे. दर अक्षराशी बोट अडले, तर त्या कामावर कोणाची नजर फिरली नाही असे खुशाल समजावे.

अनुस्वाराची गत ह्याहून वाईट. त्रिकोणी पात्याने खोली रुंदीवर अवलंबून असते हे वर सांगितलेच. म्हणजे २ मिलिमीटरचा ठिपका ९० अंशांच्या टोकाने केवळ १ मिलिमीटर खोल जाईल आणि रंगाच्या वा पॉलिशच्या पहिल्याच थराने बुजून जाईल. मराठीत वंशाचा वश होण्यास इतके पुरे आहे. कोंकणीत तर अनुस्वार हा भाषेचा श्वासच. ‘ताका’ म्हणजे त्याला आणि ‘तांका’ म्हणजे त्यांना. एका ठिपक्यापायी देणगीदार कुटुंबाचे एकवचन व्हावे, ही विनोदाची गोष्ट नव्हे. जुना लेखक शिळेसाठी अनुस्वार जाणूनबुजून मोठा लिहीत असे. छापील टंक तसे करीत नाही, कारण तो कागदासाठी बनला आहे.

ऱ्हस्वदीर्घाचे व रफाराचे प्रमादही ह्याच वाटेने येतात. जुन्या संगणकी टंकांत प्रत्येक अक्षरखंडाला स्वतःचा खासगी संकेत असे. तो टंक नसलेल्या संगणकावर मजकूर नेला की रोमन चिन्हांची रांग उमटते, आणि एका पद्धतीतून दुसरीत रूपांतर करताना ‘ऱ्य’ मधील अर्धा र पुष्कळदा गळून त्याचा रफार होतो. मग ‘आचाऱ्यांस’ दिलेली भांडी ‘आचार्यांस’ दिल्याचे शिळा सांगू लागते! ल आणि श ह्यांचेही तेच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली काढलेल्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे मान्य केली आहेत. आपले डोळे तीच रूपे पाहत वाढले. पण यंत्रावर बसलेल्या मुलाच्या हाताशी जो टंक असेल तो बहुधा हिंदी वळणाचा, आणि त्याला दुसरे रूप आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. निर्णयसागराचे जावजी दादाजी ठशांच्या एकेका वळणासाठी किती झिजले, हे ज्या समाजाला ठाऊक आहे त्याने आपल्या देवळाच्या दारी हाती लागेल तो टंक चालवून घ्यावा, हे शोभत नाही.

आपल्या सीमाभागात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे एकाच शिळेवर देवनागरी आणि कन्नड अक्षरे शेजारी नांदतात, आणि नांदावीतही. परंतु दोन्ही लिप्यांना संगणकात एकच माप दिले, की त्या समान दिसतील हा भ्रम आहे. देवनागरी शिरोरेखेपासून खाली लोंबते. कन्नडला शिरोरेखा नाही, तिची अक्षरे गोल, आणि जोडाक्षराचा दुसरा अवयव ओळीच्या खाली उतरतो. दोन ओळींतील अंतर त्याप्रमाणे न वाढविल्यास खालच्या नागरीची मात्रा वरच्या कन्नड अक्षराच्या पायात अडकते. दोहोंपैकी एक लिपी मग उपरी वाटू लागते, आणि पाहणारा त्यात नसलेला हेतू शोधतो. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी नागरी लिपीतील त्या विख्यात ओळी आहेत. मराठी आणि कोंकणी दोघीही त्यांना आपल्या म्हणतात. तेथेच कन्नड आणि तमिळ लेखही आहेत. प्रत्येक लिपीने आपापल्या वळणाने आपली जागा घेतली आहे. एका दगडावर अनेक भाषांनी कसे राहावे, ह्याचा धडा त्या पायांशी बसून घेण्यासारखा आहे.

चित्रांची कथा अक्षरांहून वेगळी नाही. समजा, हलशीच्या भूवराहाचे एखाद्या चित्रकाराने पेनाने काढलेले रेखाटन शिळेवर उतरवावयाचे आहे. संगणकाला ते दाखवून ‘बाह्यरेषा काढ’ म्हटले, तर तो चित्रकाराच्या प्रत्येक रेघेच्या दोन कडा काढतो. एका रेघेच्या दोन होतात आणि चित्राचा जोम जातो. ‘मध्यरेषा काढ’ म्हटले तर रेघ एकच राहते, पण तिचा जाड-बारीकपणा हरवतो. ह्यांपैकी काय राखावयाचे हे चित्र समजणाऱ्यानेच ठरविले पाहिजे. छायाचित्रावरून उठाव काढण्याची हौस तर अधिकच घातक. प्रणाली चित्रातील पांढरे ते उंच आणि काळे ते खोल असे मानते. त्यामुळे देवाच्या नाकाची सावली गालावर खड्डा पाडते, कपाळीचा गडद टिळा भोक होतो आणि पांढरी फुले नाकाच्याही पुढे येतात. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही हे खरे. पण घाव कोठे घालावयाचा हे उजेड-सावलीने नव्हे, मूर्तिकाराच्या ज्ञानाने ठरावयाचे असते.

ह्या साऱ्या दोषांत यंत्राचा म्हणावा असा एकही नाही, हे सूज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. प्रत्येक ठिकाणी एक निर्णय घ्यावयाचा होता आणि तो घेणारा कोणी नव्हता. व्यवस्थापक मंडळ म्हणते, ते कारखानदाराचे काम. कारखानदार म्हणतो, मजकूर मंडळाचा. यंत्रावर बसलेला मुलगा म्हणतो, संगणकात होते तेच कोरले. तिघेही खरे बोलतात, आणि शिळेवर चूक राहते. कागदावरची चूक पुढच्या आवृत्तीत सुधारते. शिळेला दुसरी आवृत्ती नसते.

कोणी म्हणेल, देणगीदारांच्या यादीसाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांना तंजावरकडे बोट दाखवावेसे वाटते. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. राज्य गेले, दरबार मोडला. तमिळ मुलखातील त्या भिंतीवर मराठी अजून उभी आहे. भाषेच्या मुख्य प्रदेशाबाहेर राहणाऱ्या समाजाला शिळेचे मोल अधिक असते, कारण तेथे त्याची भाषा पुढेमागे शाळेत राहील न राहील, देवळाच्या भिंतीवर राहते. आज आपण जे कोरतो ते उद्याचा संशोधक आपल्या येथील मराठी-कोंकणीचा पुरावा म्हणून वाचील. त्यात ‘वश’ आणि ‘आचार्य’ सापडले, तर तो यंत्राला दोष देणार नाही. ह्या लोकांना आपली भाषा लिहिता येत नव्हती असेच म्हणेल. संगणकाच्या प्रणालींचा भरवसाही धरवत नाही. कोरीव कामासाठी जगभर वापरली जाणारी आर्टकॅम ही प्रणाली तिच्या मालक कंपनीने २०१८ साली विकणे बंद केले. प्रणाल्या येतील आणि जातील. त्यांच्यातून उतरलेला दगड मात्र राहील.

म्हणून मंदिरांच्या मंडळांस काही सूचना कराव्याशा वाटतात. त्यांत खर्चाचे असे थोडेच आहे. मजकूर प्रथम मराठी अथवा कोंकणी, आणि कन्नड असल्यास कन्नडही, उत्तम जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा. अक्षरे शक्य तर हाताने लिहवून घ्यावीत. सुलेखनकाराने कुंचल्याने वा बोरूने लिहिलेला कागद संगणकात घेऊन जसाच्या तसा कोरता येतो. ह्या यंत्राची खरी करामत हीच, आणि ती आपण वापरीत नाही. ते न जमल्यास मराठी वळणाचा टंक निवडून अनुस्वार आणि सांधे शिळेच्या मानाने दुरुस्त करून घ्यावेत. दगडाला पाते लागण्यापूर्वी पूर्ण आकाराचा कागदी नमुना भिंतीवर चिकटवून आठ दिवस ठेवावा आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तो वाचावा. ज्या घराचे नाव चुकले असेल ते घर न बोलाविता येईल. त्याच दगडाच्या तुकड्यावर एक ओळ कोरून ती रंगाशिवाय, समईच्या उजेडात वाचून पाहावी. आणि शिळेच्या तळाशी, अध्यक्ष व चिटणीस ह्यांच्या नावांखाली, लिहिणाऱ्याचे आणि कोरणाऱ्याचे नाव घालावे.

ह्या शेवटच्या सूचनेस काही मंडळी हसतील. परंतु तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ज्याचे नाव शिळेवर राहणार तो शिळेची काळजी वाहतो. कुब्जाने आपले नाव घातले ते केवळ मोठेपणासाठी नव्हे. ही अक्षरे माझी आहेत, त्यांचा जाब मला विचारा, असे तो सांगत होता. यंत्रावर बसणाऱ्या मुलालाही हा मान मिळाला, तर पुढच्या खेपेस पाते चालविण्यापूर्वी तो मजकूर एकदा वाचून पाहील.